किट पुढे, दुखणं मागे: जुन्या गाडीला इंजेक्शन बसवताना पेट्रोलची टाकी का बदलावी लागते

ई-२० पेट्रोलवरून २०२५ मध्ये बराच गदारोळ झाला. त्यात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांचा एक प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. गाडी कार्ब्युरेटरची (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची), पंपावर मिळतंय वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मग कार्ब्युरेटर उतरवून फ्युएल इंजेक्शनच बसवलं तर? यूट्यूबवर शोधायला जावं तर अमेरिकेतले व्हिडिओ समोर येतात. १९६५ ची मस्टँग नाहीतर १९६९ ची कॅमेरो, कार्ब्युरेटरच्या जागी त्याच बोल्टांवर बसणारं इंजेक्शनचं किट, शनिवारी बॉनेट उघडायचं आणि रविवारी संध्याकाळी फेरफटका. हे व्हिडिओ खोटे नसतात. फक्त त्यांत एक गोष्ट दोन वाक्यांत उरकलेली असते: मागची टाकी.

तिकडे ‘इंजेक्शनला तयार’ अशा टाक्या वेगळ्या विकत मिळतात, काही शे डॉलरना. बाहेरून जुन्या टाकीसारखीच दिसणारी पत्र्याची पेटी, आणि तिच्यासाठी इतके पैसे? नवख्या माणसाला ही लूट वाटते. माझं मत उलटं आहे. बजेट तुटपुंजं असेल तर किट पुढच्या वर्षी घ्या, पण टाकी आधी नीट करा.

कार्ब्युरेटरला जे चालतं ते इंजेक्शनला का चालत नाही

सोसायटीतलं पाणी आठवा. तळाच्या हौदातून पंप पाणी गच्चीवर चढवतो, तिथे टाकी भरली की बॉलकॉक बंद होतो, आणि घरातल्या नळाला पाणी येतं ते गच्चीवरून. हौद तळाला गेला, पंपाने मध्येच हवा ओढली, तरी दात घासणाऱ्याला पत्ता लागत नाही. वर साठा असतो. कार्ब्युरेटरच्या पोटातही असंच एक छोटं टाकं असतं, त्यात फ्लोट आणि सुई असते. म्हणजे गच्चीवरची टाकी आणि बॉलकॉकच. इंजिन पेट्रोल ओढतं ते या टाक्यातून.

इंजेक्शनच्या गाडीत गच्चीवरची टाकी नसते. हौदातला पंप थेट नळाला जोडल्यासारखा कारभार. पंपाने घोटभर हवा ओढली की नळ तिथल्या तिथे फुरफुरतो, आणि गाडीच्या बाबतीत फुरफुरणं म्हणजे इंजिनाने झटका मारणं.

दाबाचा फरकही मोठा आहे. आपले मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात, तो इंजिनावर बसणारा पडद्याचा पंप साधारण ४ ते ७ पीएसआय दाब देतो. कार्ब्युरेटरला तेवढा पुरतो. त्याहून जास्त दिला तर सुई उचलली जाते आणि पेट्रोल ओसंडतं. कार्ब्युरेटरच्या जागी बसणाऱ्या बहुतेक किटांना मात्र ५८ पीएसआय लागतात. चाकात आपण ३०-३२ भरतो, त्याच्या जवळपास दुप्पट.

आणि हा दाब स्थिर हवा. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडमीट करणारी बारीक तोटी. ती किती मिलिसेकंद उघडी ठेवायची हे कॉम्प्युटर ठरवतो, पण त्याचा सगळा हिशेब ‘मागे दाब ठरल्याप्रमाणे आहे’ असं धरून चाललेला असतो. दाब पडला की तोटी तेवढाच वेळ उघडते, पेट्रोल मात्र कमी पडतं. मालक मग लॅपटॉप जोडून दोन-दोन आठवडे आकड्यांशी झुंजत बसतो, आणि दोष असतो डिक्कीखाली.

पाव टाकी आणि एक वळण

मस्टँगचंच उदाहरण घेऊ, कारण तिची टाकी बघण्यासारखी आहे. एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डने डिक्कीच्या तळाला मोठं चौकोनी भोक ठेवलं, त्यात वरून टाकी सोडली आणि कडेने स्क्रू मारले. टाकीची वरची बाजू हीच डिक्कीची जमीन. बॅग ठेवली की ती थेट टाकीवर. १९६५ च्या गाडीत ही टाकी १६ गॅलनची, म्हणजे साठ लिटरची. पसरट, उंचीला बेताची.

काटा पावावर आला की आत पंधरा लिटर उरतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण पसरट तळावर त्यांची खोली जेमतेम दोन-तीन बोटं भरते. आता रस्त्याला डावीकडे जोरात वळण आहे. गाडी वळली की आतलं पेट्रोल उजव्या भिंतीवर चढतं आणि डावी बाजू उघडी पडते. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड नेमकं तिथे असेल तर ती हवा ओढणार. जोरात ब्रेक मारला की पेट्रोल पुढे, गॅस दिला की मागे. चढावर सगळंच मागच्या कोपऱ्यात. कार्ब्युरेटर असताना हे रोज होत होतं, पण टाक्यातल्या साठ्यावर ते दोन-तीन सेकंद निघून जायचे. त्यामुळे साठ वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जुन्या टाकीत पत्र्याचा पडदा असला तर एखादा, तोही नावाला. नव्या टाकीचे पैसे जातात ते इथे, आतल्या बांधणीला. पंपाभोवती वरून उघडी अशी एक पेटी किंवा खोलगट ट्रे असतो. पेट्रोल त्यात खालच्या भोकांतून सहज शिरतं, पण वळणावर तितक्या सहज बाहेर पडत नाही. काही टाक्यांत त्या भोकांना आतल्या बाजूने झडपाच असतात: आत यायला वाट, बाहेर जायला बंदी. इंजिनाकडून परत येणारं पेट्रोलही याच पेटीत सोडलेलं असतं, म्हणून टाकी तळाला गेली तरी पेटी बऱ्यापैकी भरलेली राहते. आजच्या कुठल्याही नव्या गाडीचं पंपाचं युनिट टाकीतून बाहेर काढून बघा, प्लास्टिकचा डबा दिसेल. तोच प्रकार.

होली कंपनीने वेगळी वाट काढली. त्यांच्या हायड्रामॅटमध्ये टाकीच्या तळाला बारीक छिद्रांच्या कापडासारखी चटई पसरलेली असते. तिचा जो भाग पेट्रोलने भिजलेला असेल तिथून ती ओढते. कोरड्या भागातली छिद्रं पृष्ठताणामुळे हवेला अडवतात. कल्पना झकास आहे. पण तळाला गंज असेल तर ही चटई आधी तोच गोळा करणार.

पंप टाकीच्या आत कशाला?

पेट्रोल ओढणं आणि पेट्रोल ढकलणं यांत मोठा फरक आहे. द्रवावरचा दाब कमी झाला की तो लवकर उकळतो. पुढे इंजिनावर बसलेला पंप मागून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि गरम दिवसात पेट्रोल नळीतच उकळायला लागतं. नळीत वाफ अडकली की पंप नुसता फिरत राहतो. जुन्या गाड्या उन्हाळ्यात सिग्नलला बंद पडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ओल्या फडक्याने पंप थंड करण्याचा उपाय आपल्याकडच्या कितीतरी ड्रायव्हरांनी केलेला आहे. पंप टाकीत बसवला की पूर्ण नळीत दाबाखालचं पेट्रोल जातं, आणि दाबाखाली ते सहजासहजी उकळत नाही.

दुसरं कारण थंडाव्याचं. इंजेक्शनचा पंप सतत चालतो आणि तापतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असला की ते त्याला थंड ठेवतं, आवाजही दबतो. हाच पंप चॅसीला बाहेरून बांधला तर मागच्या सीटवर बसणाऱ्याला प्रवासभर त्याची घूंऽ ऐकावी लागते.

विजेची मोटर पेट्रोलमध्ये? पेटणार नाही?

शंका रास्त आहे. पण पेटायला नुसतं इंधन पुरत नाही, हवाही योग्य प्रमाणात लागते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते. बंद टाकीत पेट्रोल असताना वाफेचं प्रमाण एरवी याच्या कितीतरी वर असतं, आणि मोटर तर पेट्रोलमध्येच बुडालेली, तिथे हवा जवळजवळ नाहीच. जगभरातल्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये काही दशकं पंप टाकीतच आहे.

धोका खरा असतो तो टाकीबाहेर. मस्टँगमध्ये टाकीची वरची बाजू डिक्कीतच उघडते, आणि डिक्की व मागची सीट यांच्यामध्ये पत्र्याची भिंत नसते. पंपाच्या झाकणाचं गॅस्केट नीट बसलं नाही तर वास थेट माणसांपर्यंत येतो. म्हणून हे झाकण घट्ट करताना बोल्ट एकेक करून पुरते आवळत नाहीत. समोरासमोरचे थोडे-थोडे, फिरत फिरत आवळतात.

जुन्याच टाकीवर भागवता येणार नाही का?

येईल. तिकडे तीन तऱ्हा चालतात.

पहिली, टाकी तीच ठेवून पंप बाहेर बसवायचा. सगळ्यात स्वस्त. पण हे पंप ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चे असतात, त्यामुळे तो टाकीच्या पातळीच्या खाली आणि टाकीला चिकटूनच हवा. हिंदकळण्याचा प्रश्न तसाच राहतो.

दुसरी, पुढे इंजिनापाशी एक छोटी टाकी ठेवायची. जुना एसी पंप तिच्यात पेट्रोल भरत राहतो आणि तिच्यातला दाबाचा पंप इंजिनाला देतो. म्हणजे गच्चीवरची टाकी परत आणली. युक्ती चालते, पण लिटर-दोन लिटर पेट्रोल तापलेल्या इंजिनाशेजारी ठेवणं मला पटत नाही. ते गरम होतं, त्याची वाफ होते, आणि ज्या कटकटीतून सुटायला निघालो तीच पुन्हा पुढ्यात येते.

तिसरी, जुन्या टाकीला वरून भोक पाडून फोमच्या पडद्यासकट येणारं पंपाचं युनिट आत सोडायचं. टाकी खरोखर चांगली असेल तर हा मार्ग वाईट नाही. मात्र भोक पाडण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. पेट्रोल काढून टाकलं तरी वाफ राहते, हवा आत शिरते आणि नेमकं पेटण्याजोगं मिश्रण तयार होतं. अशा टाकीला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावणं म्हणजे जिवाशी खेळ. हे काम टाकी धुऊन, वाफ पूर्ण घालवून करणाऱ्या माहितगाराकडेच द्यावं.

आणि टाकी ‘खरोखर चांगली’ फार क्वचित असते. त्या काळच्या अमेरिकन टाक्यांना आतून शिसं-कथलाचा मुलामा असे. साठ वर्षांत तो जागोजागी उडालेला असतो. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि वर्षानुवर्षं चिकटून बसलेला थर सैल करतं. तो गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकला तर काढून फुंकर मारता येते. इंजेक्शनमध्ये पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर लावतात, तो अशा गाळाने चटकन भरतो, दाब पडतो, आणि पुन्हा तेच झटके.

न जळलेलं पेट्रोल जातं कुठे?

नेहमी वापरले जाणारे पंप ताशी २५५ लिटर क्षमतेचे असतात. दाबाखाली आकडा थोडा उतरतो, तरी भरपूर. तीनशे हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन पूर्ण ताकदीने चाललं तर त्याला ताशी नव्वद-पंच्याण्णव लिटर लागतील. साध्या हायवेवर बारा-पंधरा. उरलेलं सगळं परत टाकीत जातं, आणि ती परतीची नळी जुन्या टाकीत बहुतेक वेळा नसतेच. काही जण शॉर्टकट मारून ती पंपाच्या आधीच्या नळीत जोडतात. मग तेच पेट्रोल गोल फिरत तापत राहतं. नव्या टाकीत परतीचं तोंड आधीपासून दिलेलं असतं.

दाब सांभाळणारा रेग्युलेटर टाकीजवळच ठेवला तर इंजिनापर्यंत एकच नळी न्यावी लागते आणि पेट्रोल इंजिनाची ऊब घेऊन परत येत नाही. यासाठी तिकडे १९९९ नंतरच्या कॉर्व्हेटचा फिल्टर फार लोकप्रिय आहे. त्यात ५८ पीएसआयचा रेग्युलेटर अंगचाच असतो.

रबरी पाइपवर छापलेली अक्षरं वाचायची सवय लावा. आर-७ हा कार्ब्युरेटरच्या दाबासाठी, आर-९ इंजेक्शनसाठी, आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी फक्त आर-१०. आर-९ बाहेरून कितीही दणकट असला तरी बुडवून ठेवला की त्याचं बाहेरचं रबर खराब होतं. पाइपचा हा वीतभर तुकडा फुटला तर पंप चालू असतो, आवाज येतो, पेट्रोल मात्र टाकीतल्या टाकीत फिरतं. शोधून शोधून डोकं फिरतं.

हवा, काटा आणि वायर

पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत आली पाहिजे. जुन्या गाड्यांत ही हवा झाकणातल्या भोकातून किंवा साध्या उघड्या नळीतून यायची. वाफ अशी मोकळी सोडायला कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून बंदी आली. नव्या टाकीला हवेची वेगळी नळी असते, आणि गाडी उलटली तर बंद होणारी झडप तिच्यावर लावायची असते. पाच मिनिटांचं काम, पण आळस इथेच होतो.

डॅशबोर्डवरच्या काट्याची गंमत वेगळी. टाकीतला फ्लोट पातळीप्रमाणे विजेचा रोध बदलतो. जुन्या फोर्डमध्ये रिकाम्या टाकीला ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला १०. १९६५ नंतरच्या शेव्हरलेटमध्ये रिकामी शून्य, भरलेली ९०. एकाचा फ्लोट दुसऱ्याच्या काट्याला जोडला की टाकी रिकामी होत जाते आणि काटा ऐटीत भरलेल्याकडे सरकतो. टाकी मागवतानाच फ्लोट कोणत्या ओहमचा हे विचारून घ्यावं.

पंपाला साधारण ८ ते १० अँपियर लागतात. १९६५ च्या मस्टँगचा अल्टरनेटर मुळात ३८ अँपियरचा. त्यातून हेडलाइट, वायपर, इंजेक्शनचा कॉम्प्युटर आणि हा पंप. रात्री पावसात व्होल्टेज पडणार, पंपाचा वेग पडणार. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, टाकीजवळ चकचकीत घासलेल्या पत्र्यावर अर्थिंग, आणि टक्कर झाली की पंपाची वीज तोडणारा स्विच, एवढं हवंच.

मग गाडी अस्सल राहिली का?

स्पर्धेत नटबोल्टच्या खुणासुद्धा तपासल्या जातात तिथे नाही. पण जुनी टाकी, जुना पंप, कार्ब्युरेटर पुसून, तेल लावून पेटीत ठेवले तर गाडी पुन्हा पूर्ववत करता येते. इंजेक्शनला तयार टाकी जुन्याच भोकांवर बसते, गाडीचा पत्रा कापावा लागत नाही. मला हीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. जुन्या टाकीला भोक पाडलं की परतीचा रस्ता अर्धा बंद होतो.

आपल्याकडे हे करता येईल?

पद्मिनी किंवा अँबेसेडरसाठी अमेरिकेसारखा तयार टाक्यांचा बाजार नाही. टाकी बनवून घ्यावी लागेल, आणि आतली बांधणी समजणारा कारागीर मिळणं हेच मुख्य काम.

त्याआधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ क्रमांक देणारे व्हिंटेज नियम जुलै २०२१ मध्ये आले. त्यांतही चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा अशी अट आहे. तेव्हा हा क्रमांक घ्यायचा विचार असेल तर स्पॅनर हातात घेण्याआधी आरटीओत लेखी विचारा.

ई-२० चा त्रास इंजेक्शनने सुटतो का? अर्धा सुटतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. इंजेक्शनच्या किटमधला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हे ओळखून प्रमाण आपोआप वाढवतो. रबर फुगणं, गंज सुटणं, पाणी धरणं हे मात्र तो थांबवू शकत नाही. ते थांबतं योग्य पाइप, योग्य गॅस्केट आणि स्वच्छ टाकीने. नुसत्या ई-२० साठी एवढा घाट घालायचा असेल तर मी सांगेन, आधी पाइप, गॅस्केट आणि एसी पंपाचा पडदा बदला, जेट एक नंबर मोठा घालून बघा. काही हजारांत भागतं.

टाकी बसल्यावर

दहाएक लिटर पेट्रोल घाला, आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी ठेवा, बॅटरी जोडा. चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. पंप दोन-तीन सेकंद घूं करून थांबेल. असं तीन-चारदा करा, म्हणजे नळीतली हवा निघून दाब चढेल. मग टॉर्च आणि कोरडं टिश्यू घेऊन प्रत्येक जोड पुसत मागून पुढे या. टिश्यू कुठेही ओलं झालं तर तिथेच थांबा. सगळं कोरडं असेल तर स्टार्ट करा, दाबाचं मीटर लावून बघा, आणि काटा पावावर आला की एखाद्या मोकळ्या मैदानात डावीकडे-उजवीकडे गोल फेऱ्या मारा. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की फिल्टर उघडा. टाकी नवी असली तरी तिच्यात वेल्डिंगचे कण आणि पत्र्याचा कीस असतोच, आणि पहिला फिल्टर त्यांच्यासाठीच धरून चालायचा.